तारीख मिळाली, नंबर कधी?

ऑपरेशनसाठी थांबलेला माणूस माझ्या टेबलाशी आला की आजार मी नंतर विचारायची. आधी विचारायची, "युनिट कोणतं?" बहुतेकांना ते ठाऊकच नसायचं. केसपेपर पुढे सरकवून म्हणायचे, "मॅडम, तारखा देऊ लालेत, पण नंबरच येईना."

मी समाजसेवा अधीक्षक होते. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत हे पद असतं. कागद, पैसा, रक्त, नातेवाईक, रडारड, यातलं जे डॉक्टरांच्या आवाक्यात नसतं ते या टेबलावर येतं. नांदेड आणि लातूर, दोन्हीकडे नोकरी झाली. निवृत्त होऊनही गावाकडचे फोन थांबलेले नाहीत, म्हणून एकदा लिहूनच टाकते.

युनिटपासूनच सुरुवात करते. सर्जरी असो, हाडांचा विभाग असो की स्त्रीरोग, मोठ्या सरकारी रुग्णालयात प्रत्येक विभागाचे गट पाडलेले असतात. प्रत्येक युनिटचा ओपीडीचा वार ठरलेला, ऑपरेशनचा वार ठरलेला, तातडीचे रुग्ण घ्यायचा वारही ठरलेला. पहिल्यांदा ज्या वारी दाखवलंत ते तुमचं युनिट. पुढचं सगळं त्याच डॉक्टरांकडे, त्याच वारी. दवाखान्यातल्या माणसांच्या हे इतकं अंगवळणी पडलेलं असतं की सांगायचं कुणाला सुचत नाही. मुखेडकडचे एक आजोबा हर्नियासाठी यायचे. पहिल्यांदा आले ते सोमवारी. पुढे गावातली जीप गुरुवारी निघायची म्हणून गुरुवारी येऊ लागले. गुरुवारच्या युनिटने नवा केसपेपर केला, नव्या तपासण्या लिहिल्या, नवी तारीख दिली. असं करत आजोबांच्या पिशवीत तीन केसपेपर जमले होते आणि तिन्ही रांगांत ते शेवटीच उभे होते.

ऑपरेशनचा वार आला म्हणजे ऑपरेशन झालं, असंही नाही. युनिटला आठवड्यातून एखाद-दोन दिवस टेबल मिळतं. सकाळी यादी लागते. रात्री रस्त्यावर अपघात झालेला असतो, कुणाचं आतडं फुटलेलं असतं, कुणी बाळंतीण अडलेली असते. ते आधी टेबलावर जातात, आणि जायलाच हवेत. मग उरलेल्या वेळात यादी वरून खाली सरकते, ती जिथे थांबेल तिथे थांबते. दवाखान्यात सर्जन किती आहेत हे लोक विचारतात. भूलतज्ज्ञ किती आहेत हे कुणी विचारत नाही. हातमोजे घालून सर्जन उभा असला तरी भूल द्यायला माणूस नसेल तर चाकू लागत नाही. नंबर हुकला की शिव्या मात्र सर्जनच्या नावाने.

नांदेडच्या विष्णुपुरीच्या रुग्णालयात नुसता नांदेड जिल्हा येत नाही. हिंगोली, परभणी, यवतमाळचा उमरखेडकडचा भाग आणि तेलंगणातून निजामाबाद-आदिलाबादकडचेही येतात. ३० सप्टेंबर ते १ ऑक्टोबर २०२३ या २४ तासांत तिथे २४ रुग्ण दगावले, त्यांत १२ नवजात बाळं होती. देशभर बातमी झाली. एका खासदारांनी अधिष्ठात्यांना शौचालय साफ करायला लावलं तेही सगळ्यांनी पाहिलं. मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. औषधं, माणसं, खाटा यांची थोडे दिवस चर्चा झाली. जे दगावत नाहीत, नुसते थांबतात, त्यांचा त्या चर्चेत उल्लेखही नव्हता.

लातूरला तर एका उन्हाळ्यात पाण्यापायी ऑपरेशनं खोळंबली. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. १२ तारखेला पहिली गाडी पोचली ती दहा वाघिण्यांत पाच लाख लिटर पाणी घेऊन. सर्जनचे हात धुवायला, अवजारं वाफेवर निर्जंतुक करायला, थिएटर पुसायला, रक्ताच्या चादरी धुवायला पाणीच लागतं. जी ऑपरेशनं थांबण्यासारखी होती ती पावसावर ढकलली गेली.

थांबावं श्रीमंत देशांतही लागतं. नांदेडची ती घटना घडली त्याच सप्टेंबरच्या अखेरीला इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेत उपचारांसाठी थांबलेल्यांची यादी ७७ लाखांच्या घरात गेली होती. तिथला नियम असा की शंभरातल्या ९२ जणांचे उपचार १८ आठवड्यांच्या आत सुरू झाले पाहिजेत, आणि २०१६ नंतर तो त्यांना पाळता आलेला नाही. मला यात हेवा वाटतो तो एकाच गोष्टीचा: हा आकडा त्यांच्याकडे दर महिन्याला छापून येतो. तिथला माणूस थांबलेला असला तरी मोजलेला असतो. आपल्याकडे रांग आहे, पण जाहीर यादी नाही. कुणाच्या पुढे किती जण आहेत हे युनिटच्या एका वहीत असतं आणि ती वही ज्याच्या हातात असते तो निवासी डॉक्टर पंचविशीतला, रात्रभर जागलेला असतो. प्रत्येक युनिटच्या दाराशी फळा लावा, त्यावर किती जण थांबलेत आणि कोणत्या तारखेपर्यंतचे घेतले ते लिहा, हा माझा जुना हट्ट. एका दवाखान्यात एका युनिटने तो लावलाही होता. मग युनिटप्रमुखांची बदली झाली.

सगळं दवाखान्यावर ढकलूनही चालणार नाही. कंधार, लोहा, मुखेड, जळकोट, अहमदपूर या बालाघाटच्या डोंगरपट्ट्यातून दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. उचल घेतलेली असते. तारीख जानेवारीत आली तर माणूस सांगलीकडे नाहीतर कर्नाटकात उसाच्या फडात. सोयाबीन काढणी असते, माळेगावची यात्रा असते, भाचीचं लग्न असतं. मोतीबिंदूवाल्यांचं आणखी वेगळं: "उन्हाळ्यात डोळा चिघळतो, थंडीत बघू," आणि थंडी आली की "अजून पिकू द्या." मोतीबिंदू पिकण्याची वाट पाहायचे दिवस कधीच गेले, उलट फार पिकला की काढायला अवघड होतो. रेणापूर तालुक्यातल्या माकेगावच्या डॉ. तात्याराव लहान्यांना मोतीबिंदूच्या कामाने घराघरात नाव मिळालं, २००८ मध्ये पद्मश्री मिळाली, पण त्यांच्याच जिल्ह्यातल्या म्हाताऱ्यांची ही समजूत काही गेली नाही.

थांबायचं ठरलंच तर त्या काळात करण्यासारखं पुष्कळ असतं. नंबर लागूनही माणूस परत जातो तो बहुधा 'फिटनेस'वर. म्हणजे भूलतज्ज्ञ तपासून सांगतात की हे शरीर भूल सोसेल की नाही. आपल्या बायकांचं रक्त कमी असतं. ऑपरेशनच्या आदल्या आठवड्यात बीट खाऊन ते भरत नाही. लोहाच्या गोळ्या काही आठवडे नेमाने घ्याव्या लागतात आणि त्या आरोग्य उपकेंद्रात फुकट मिळतात. साखर आणि रक्तदाबाचं तसंच. बिडी, तंबाखू निदान महिनाभर आधी सुटली तर छातीत कफ कमी साचतो, जखम लवकर भरते. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर ती आपल्या मनाने बंदही करू नका आणि डॉक्टरांपासून लपवूही नका.

उपाशी राहण्याबद्दल मला जरा रागानेच बोलायचं आहे. रात्री आठला जेवलेला माणूस दुसऱ्या दिवशी दुपारी तीनपर्यंत कोरडा ठेवतात आणि मग म्हणतात, आज वेळ संपला. भूलशास्त्राचा सर्वसाधारण नियम जेवण सहा ते आठ तास आधी बंद, साधं पाणी दोन तास आधीपर्यंत चालतं, असा आहे. प्रत्येकाला तो लागू होईलच असं नाही. पोटाचा किंवा साखरेचा आजार असेल तर वेगळं सांगतात. म्हणून सकाळी राउंडला आलेल्या डॉक्टरांना विचारायचं, "माझा नंबर कितवा? घोटभर पाणी चालेल का?" विचारल्याने कुणी यादीतून काढत नाही. यादीतून पडलातच तर घरी जाण्याआधी पुढची तारीख केसपेपरवर लिहून घ्या. तोंडी तारीख पुढच्या निवासी डॉक्टरला माहीत नसते.

काही वेळा मात्र तारखेची वाट पाहायचीच नसते. आत जाणारा हर्निया अचानक आत जाईना, कडक झाला, दुखू लागला, उलट्या झाल्या, तर मध्यरात्री असलं तरी निघायचं आणि थेट अपघात विभागात जायचं. पित्ताशयातल्या खड्यांच्या रुग्णाला थंडी वाजून ताप आला, डोळे पिवळे झाले, तरी तेच. इथे युनिट नाही, वार नाही, पाळी नाही.

बायका दोनदा थांबतात. एकदा सांगण्यासाठी, एकदा ऑपरेशनसाठी. नवऱ्याला चहा आणायला पाठवायचं आणि मग हळू आवाजात, "मॅडम, अंग बाहेर येतंय." किती दिवसांपासून? धाकटा पोरगा झाला तेव्हापासून. पोरगा आता कॉलेजात. अशा वेळी तारीख लांबची असेल तर तोवर आत रिंग बसवता येते का, हे विचारायला हरकत नाही. पुष्कळजणींना तेवढ्याने बसता-उठता येऊ लागतं.

याच्या उलट टोकही आपल्याच शेजारी आहे. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढल्याचा प्रश्न २०१९ मध्ये गाजला. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. सुमारे ८२ हजार बायकांच्या पाहणीत १३ हजारांहून जास्त जणींच्या पिशव्या काढलेल्या निघाल्या. अंगावरून जातंय म्हणून गेली आणि दोन दिवसांत टाके घालून आली, अशा कित्येक. खाजगीत 'उद्याच करून टाकू' म्हणाले की लोकांना बरं वाटतं, सरकारीत थांबायला लागलं की राग येतो. त्या थांबण्यात दुसऱ्या डॉक्टरला विचारायला वेळ मिळतो, हे कुणाच्या लक्षात येत नाही. मी मोठ्या दवाखान्यातल्या रांगेची वकिली करत नाही. फक्त कर्ज काढून खाजगीत पळण्याआधी हे ऑपरेशन खरंच लागतं का, एवढं विचारा म्हणते.

पैशांसाठी योजना आहे. नांदेडकरांना ती जुनी ओळखीची. जुलै २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी म्हणून ती पहिल्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली त्यांत नांदेड होतं. आता ती महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजना आहे, केंद्राच्या योजनेशी जोडलेली, कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत. योजनेतल्या दवाखान्यात आरोग्यमित्र बसतो. त्याला दोन गोष्टी विचारायच्या: माझं ऑपरेशन योजनेत बसतं का, आणि ते फक्त सरकारी दवाखान्यांसाठी राखीव आहे का? राखीव नसेल तर योजनेतल्या दुसऱ्या दवाखान्यात रांग छोटी असू शकते. आरोग्यमित्र भेटला नाही तर १५५३८८ हा नंबर आहे. रेशनकार्डावर आणि आधारवर नाव एकसारखं आहे का हे आजच बघून ठेवा. 'लक्ष्मीबाई'ची 'लक्षमीबाई' झाल्यामुळे अडकलेल्या मंजुऱ्या मी पुष्कळ पाहिल्या. शाळकरी लेकराच्या हृदयात छिद्र असेल तर अंगणवाडी-शाळेत तपासायला येणाऱ्या बाल स्वास्थ्य पथकाला गाठा. त्यांची वाट वेगळी आहे आणि पुष्कळदा लवकर पोचवणारी आहे.

सोबत थांबणाऱ्याचाही खर्च असतो, तो कोणत्याच योजनेत नाही. नांदेडचा दवाखाना वजिराबादला, गावात होता तेव्हा नातेवाईक चालत गुरुद्वाऱ्याच्या लंगरला जेवून यायचे. विष्णुपुरीला गेल्यापासून लंगर तोच, पण रिक्षाचं भाडं मध्ये आलं. घरून निघताना ज्वारीच्या भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी बांधून आणणाऱ्या बायका दोन दिवस सहज काढतात.

राहिला फोन नंबर. यादीतला कुणी आला नाही की वॉर्डातून खालच्या माणसाला फोन जातो, उद्या सकाळी या म्हणून. तो फोन लागत नाही. केसपेपरवर पुण्याला असलेल्या पुतण्याचा नंबर असतो, नाहीतर दोन सिमकार्डांपूर्वीचा. मग सिस्टर त्याच्या खालच्याला लावतात. तेव्हा जो गावातच राहतो आणि रात्री फोन चार्जिंगला लावून झोपतो, त्याचा नंबर द्या; जमलं तर सोबत आशाताईंचाही.