वडिवळ्याहून बुखाऱ्यास

मावळांत वडिवळ्यास राहणाऱ्या माणसास पावसाचें अप्रूप नसतें. श्रावणांत समोरचा डोंगर दिसेनासा झाला, म्हणजे आम्ही उलट कुरकुरच करितों. उझबेकिस्तानच्या प्रवासानें आमची ही खोड मोडली.

बुखारा हें वाळवंटाच्या कांठीं वसलेलें बाजारपेठेचें शहर. तेथील १६ व्या शतकांतील घुमटांखालीं अद्यापि व्यापार चालतो. त्यांपैकीं एका घुमटास सराफांचें नांव आहे. आपला ‘सराफ’ शब्द इतक्या दूर भेटतांच परकेपणा निम्मा ओसरला. ११२७ सालचा, सुमारें १५० फूट उंचीचा मिनार पाहून आम्ही ‘लबी हौज’पाशीं तुतीच्या झाडांखालीं बसलों. ‘अगबाई, हा तर आपला हौद!’ आमच्या मातोश्री उद्गारल्या. सुमारें १६२० सालचा हा जलाशय. शहरांत पूर्वीं असे पुष्कळ हौद होते. रोगराईमुळें गेल्या शतकांत ते बहुतेक बुजविण्यांत आले.

बुखाऱ्यास जगविणारी झरफशान नदी पुढें वाळूंतच लुप्त होते. त्याच देशाच्या वायव्येस तर, १९६० नंतर कापसासाठीं नद्यांचें पाणी वळविल्यामुळें अरल समुद्र बहुतांशीं आटला. मोयनाक या जुन्या बंदरांत नौका वाळूवर गंजत पडल्या आहेत. मिनारांनीं व बाजारांनीं शहराचा लौकिक वाढतो खरा. परंतु त्याचें आयुष्य पाणीच ठरवितें.

घरीं परतलों, तेव्हां गांवचें धरण भरलें होतें. आमच्या न्हाणीघरांतील नळ मात्र दोन महिने गळत होता. तो आम्हीं त्याच दिवशीं दुरुस्त करविला.