नेकनूर सर्कलची रेघ

मांजरसुंब्याहून केजच्या रस्त्याला लागलं की थोड्याच वेळात नेकनूर येतं. आठवडी बाजाराचं गाव, बंकटस्वामींच्या संस्थानाचं गाव, पोलीस ठाण्याचं गाव. सातबाऱ्याच्या दुरुस्तीला इथला माणूस बीडच्या तहसीलला जातो, पण त्याचा आमदार केजचा. २००८ च्या पुनर्रचनेत नेकनूर महसूल मंडळ केजच्या राखीव मतदारसंघाला जोडलं गेलं आणि शेजारच्या चौसाळ्याच्या नावाचा विधानसभा मतदारसंघ नकाशावरून पुसला गेला. पीकविम्याचा हिशोब पुन्हा मंडळाचा. मंडळाच्या पर्जन्यमापकात पाऊस पडला तर तो पडला. तुमच्या रानात पडला की नाही, ते तुमचं तुम्ही बघा. आणि झेडपीला मत द्यायचं ते सर्कलमध्ये. कायद्यात त्याला निवडणूक विभाग म्हणतात, पेपरवाले गट लिहितात. इकडे पारावर मात्र सर्कलच.

या सर्व रेघांमध्ये सर्कलची रेघ माणसाच्या सगळ्यात जवळची. विधानसभेची रेघ पिढीतून एकदा हलते. सर्कलची दर पाच वर्षांनी हलू शकते, आणि ती हलली की शाळेची खोली, आरोग्य केंद्राचा ओटा, वस्तीचा रस्ता यांसाठी कुणाच्या दारात उभं राहायचं हेही बदलतं. २०२२ नंतर तर ही रेघ वारंवार खोडली आणि ओढली गेली; मतदान मात्र एकदाही झालं नाही.

झेडपीचं हे राज्य सुरू झालं १ मे १९६२ ला. वसंतराव नाईक समितीच्या अहवालावरून १९६१ चा कायदा झाला आणि जिल्हा परिषदा उभ्या राहिल्या. निजामाच्या राजवटीतून बाहेर पडून तेव्हा आपल्याकडे जेमतेम चौदा वर्षं झाली होती. पाटलाच्या आणि तहसीलदाराच्या पलीकडे ‘आपला मेंबर’ नावाचा एक माणूस असतो, तो मत मागायला येतो आणि नंतर त्याला रस्त्यात गाठून जाब विचारता येतो, हे गावांनी या सर्कलमधूनच शिकून घेतलं. मोठ्या राजकारणाची पहिली पायरीही हीच. गोपीनाथ मुंडे आधी उजनी गटातून जिल्हा परिषदेवर गेले, विधानसभा नंतर.

१९६२, १९६७, १९७२, १९७९. इथपर्यंत ओळ सरळ चालते. पुढचं साल १९९२ आहे. मधली तेरा वर्षं निवडणूकच नाही! कधी मुदतवाढ, कधी पुढे ढकलणं, शेवटी प्रशासक. १९७९ ला ज्याचं नाव मतदार यादीत पहिल्यांदा आलं, त्याला झेडपीचं दुसरं मत द्यायला मिळालं तेव्हा त्याची पोरं शाळेत जात होती. आज प्रशासकराजबद्दल बोलताना हे कधीच घडलं नव्हतं असा सूर लागतो. घडलं होतं. आपण विसरलो, आणि विसरल्यामुळेच ते दुसऱ्यांदा करणं सोपं गेलं, असं माझं मत आहे.

त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने १९९३ पासून दर पाच वर्षांनी निवडणूक बंधनकारक केली आणि ती घेण्यासाठी राज्य निवडणूक आयोग आला. त्यानंतर १९९७, २००२, २००७, २०१२, २०१७ अशी घडी बसली. १९९२ ला बायकांना ३० टक्के जागा होत्या, २०१२ पासून निम्म्या. सर्कल ‘महिला सुटलं’ की घराघरात धांदल उडायची. बायकोचं नाव, मुलाखत द्यायला नवरा. त्यावर हसून झालेलं आहे. पण चौथ्या-पाचव्या महिन्यात सभेत फाईल उघडून अधिकाऱ्याला तारीख विचारणाऱ्या मेंबरीणबाईही याच सोडतीने दिल्या, हेही सांगितलं पाहिजे.

आता रेघ ओढतात कशी, ते. जिल्ह्याला किती सदस्य, हे लोकसंख्येवर ठरतं. कायद्याने कमीत कमी ५०, जास्तीत जास्त ७५. एका गटात दोन गण, गणाचा सदस्य पंचायत समितीवर. रचना तालुक्याच्या उत्तर टोकापासून सुरू करायची, पूर्वेकडून वळत वळत दक्षिणेला संपवायची. ग्रामपंचायत फोडायची नाही. नदी, डोंगर, मोठा रस्ता जमेल तितका सांभाळायचा. गटातल्या मोठ्या गावाचं नाव गटाला, म्हणून नेकनूरचं नाव. बीड जिल्ह्यात २०१७ ला ६० गट होते, म्हणजे एका मेंबरमागे ढोबळमानाने तीस-पस्तीस हजार माणसं. तहसीलच्या भिंतीवर प्रारूप लागतं, हरकती घेतात, सुनावणी होते, मग अंतिम. कागदावर सगळं गणिती. पण एखादं पाचशे-सातशे मतांचं गाव इकडून तिकडे गेलं की दहा वर्षं त्या गावात लग्नं-मयती धरणारा इच्छुक एका रात्रीत पोरका होतो. त्यामुळे प्रारूप लागलं की आधी आपलं गाव शोधत नाहीत, प्रतिस्पर्ध्याचं शोधतात.

२०१७ ची निवडणूक १६ फेब्रुवारीला झाली, मोजणी २३ ला. राष्ट्रवादीच्या जागा सगळ्यात जास्त आल्या आणि अध्यक्ष भाजपच्या सविता गोल्हार झाल्या. सुरेश धस यांच्या गटातल्या सदस्यांनी बाजू बदलली होती. पुढे अपात्रतेची प्रकरणं कोर्टात गेली आणि २०२० च्या जानेवारीत शिवकन्या सिरसाट यांच्या रूपाने अध्यक्षपद राष्ट्रवादीकडे परतलं. मिनी मंत्रालय म्हणवणाऱ्या झेडपीत मंत्रालयाइतकीच रंगत. ती रंगत २०२२ च्या मार्चमध्ये मुदतीबरोबर संपली. मुख्य कार्यकारी अधिकारीच प्रशासक झाले.

त्यानंतरचा घोळ क्रमाने सांगायचा म्हटला तरी धाप लागते. मुळाशी ओबीसी आरक्षण. ४ मार्च २०२१ ला सर्वोच्च न्यायालयाने तिहेरी कसोटी लावली: आयोग नेमा, आकडे गोळा करा, एकूण आरक्षण ५० टक्क्यांच्या वर जाऊ देऊ नका. आकडे हाती नव्हते. वेळ काढायला म्हणा किंवा प्रामाणिकपणे म्हणा, ११ मार्च २०२२ ला कायदा बदलून रचनेचा अधिकार सरकारने निवडणूक आयोगाकडून स्वतःकडे घेतला. गटांची मर्यादाही वाढवली, किमान ५५ आणि कमाल ८५. ४ मे २०२२ ला न्यायालय म्हणालं, ११ मार्चच्या आधीची रचना धरा आणि दोन आठवड्यांत कार्यक्रम लावा. जूनमध्ये वाढीव गटांची प्रारूपं निघाली, अंतिमही झाली. जून संपता संपता सरकार बदललं. २८ जुलैला सोडती झाल्या. ४ ऑगस्टला नव्या सरकारने वाढीव गट रद्द करून ५० ते ७५ वर परत आणलं. २२ ऑगस्टला न्यायालयाने ‘जैसे थे’ सांगितलं, आणि जैसे थे पुढे अडीच वर्षांहून जास्त टिकलं. ज्यांना २८ जुलैच्या सोडतीत सर्कल सुटलं होतं त्यांनी बॅनर छापले होते. फ्लेक्सचं कापड नंतर कडबा झाकायला उपयोगी पडलं, एवढाच त्याचा हिशोब.

याच दिवसांतली एक गोष्ट लांबची आहे, पण तारीख शेजारची आहे म्हणून सांगतो. ५ मे २०२२ ला, म्हणजे आपल्या ४ मेच्या निकालाच्या दुसऱ्याच दिवशी, ब्रिटनमधल्या वेल्समध्ये सगळ्या २२ कौन्सिलांचं मतदान झालं. त्यांचीही निवडणूक मूळची २०२१ ची. मुदत वाढवून वर्षभर पुढे नेलेली. त्यांच्याही वॉर्डांच्या हद्दी नव्याने ओढलेल्या, पॉविससारख्या विस्तीर्ण, डोंगराळ कौन्सिलच्या जागा ७३ वरून ६८ वर आणलेल्या. भांडणं तिथेही झाली, अगदी वॉर्डाचं नाव वेल्श भाषेत कसं लिहायचं यावरूनसुद्धा. पण रेघ ओढणारा आयोग वेगळा आणि सत्तेवर बसणारा पक्ष वेगळा, त्यामुळे रेघ आधी झाली, ठरल्या तारखेला मतदान झालं आणि विषय मिटला. वेल्सवाले आपल्यापेक्षा गुणी आहेत असं मला म्हणायचं नाही. पेन्सिल कुणाच्या हातात आहे एवढाच फरक, आणि मार्च २०२२ मध्ये ती पेन्सिल आपल्याकडे ज्याने उचलली त्याने आणि त्याच्या पुढच्यानेही खाली ठेवली नाही.

६ मे २०२५ ला न्यायालयाने पुन्हा चार महिन्यांची मुदत दिली. जुलैत प्रारूप, ऑगस्टमध्ये अंतिम रचना. त्याच ऑगस्टमध्ये आरक्षणाच्या फिरतीचे नवे नियम आले आणि ही निवडणूक ‘पहिली’ धरायची असं ठरलं. हे वाक्य वाचायला साधं आहे. १९९७ पासून कोणतं सर्कल कधी कुणाला राखीव होतं याचा जो पाढा गावोगावच्या इच्छुकांना तोंडपाठ होता, तो एका ओळीत कोरा झाला. यंदा आपली पाळी म्हणून थांबलेल्यांची पाळी पहिल्यापासून सुरू. सप्टेंबरमध्ये बीडचं अध्यक्षपद अनुसूचित जातीच्या महिलेसाठी सुटलं, १३ ऑक्टोबरला गटांची सोडत झाली. सालाबादप्रमाणे शाळकरी पोराने बरणीतून चिठ्ठ्या काढल्या. मग ५० टक्क्यांचा मुद्दा पुन्हा न्यायालयात उभा राहिला. २०२६ च्या जानेवारीत आयोगाने १२ जिल्हा परिषदांचा कार्यक्रम लावला. लातूर, धाराशिव, परभणी, छत्रपती संभाजीनगर. हे सगळे शेजारचे. बीडचं नाव यादीत नव्हतं.

मला या साऱ्यात एक गोष्ट वेगळीच खुपते, आणि तिच्यावर हरकत घेतलेली मी तरी ऐकलेली नाही.

रेघ ओढायला आधार २०११ च्या जनगणनेचा. बीड जिल्ह्याची लोकसंख्या २५ लाख ८५ हजार ४९, ती तिथूनच. ती मोजणी झाली ९ ते २८ फेब्रुवारी २०११ या दिवसांत. फेब्रुवारीत आपली गावं कशी असतात ते नेकनूरच्या परिसरातल्या कुणालाही विचारा. दसरा-दिवाळीला मुकादमाच्या उचलीवर नवरा-बायकोचा कोयता ऊसतोडीच्या गाडीत बसतो. मागे म्हातारी आणि शाळेपायी ठेवलेलं एखादं पोर. वस्तीच्या वस्ती कोल्हापूर, सांगली, सातारा, पार कर्नाटकपर्यंत कारखान्यांच्या तळावर कोपीत राहते आणि पट्टा पडल्यावर परतते. जनगणनेचा नियम असा की त्या वीस दिवसांत माणूस जिथे राहतो तिथे तो मोजायचा. सारे दिवस बाहेर असलेला गावी धरायचा नाही. म्हणजे ज्या आकड्यावरून ग्रामपंचायती इकडच्या तिकडे झाल्या, अनुसूचित जातीची टक्केवारी काढून कोणतं सर्कल राखीव हे उतरत्या क्रमाने ठरलं, त्या आकड्यात ही माणसं किती आणि फडावरच्या गावात किती? फडावर तरी कोपीपर्यंत प्रगणक गेला का?

२०१७ चं मतदानही फेब्रुवारीतच होतं. तेव्हा मात्र ही माणसं सर्वांना आठवतात. उमेदवार कारखान्यावर गाड्या पाठवतो, मुकादमाला फोन जातात, रात्रभर प्रवास करून टोळी सकाळी केंद्रावर उतरते, शाई लावून घेते आणि संध्याकाळी त्याच गाडीने फडावर परत. मत द्यायला ती गावची, मोजायला मात्र परगावची.

२०२१ ची जनगणना कोरोनात गेली. आता नवी ठरली आहे. संदर्भ दिनांक १ मार्च २०२७. त्यावर पुढची रचना होईल, सर्कलची रेघ पुन्हा सरकेल, नेकनूरच्या पूर्वेची किंवा पश्चिमेची एखाद-दोन गावं कुठे जातील त्याचे अंदाज बाजाराच्या दिवशी आत्ताच बांधले जातात. दारोदार मोजणीचे दिवस फेब्रुवारीतले. कारखान्यांची धुराडी तेव्हा पेटलेली असतील.