धवळ्यांचा अल्बम आणि फोटोतली मोकळी जागा

रिद्धपूरला मराठी भाषा विद्यापीठ आले, 3 ऑक्टोबर 2024 ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला. अशा वेळी महदंबा या महानुभाव कवयित्रीच्या धवळ्यांना नव्या चाली लावून अल्बम काढावा, असे वऱ्हाडातल्या एखाद्या बँडला वाटणे स्वाभाविक आहे. गोविंदप्रभूंच्या विवाहलीळेच्या निमित्ताने तेराव्या शतकात याच गावी रचलेली ही गाणी तेवढ्या तोलामोलाची आहेतच. मात्र रेकॉर्डिंगवर महिने घालवून मुखपृष्ठाचा फोटो एका दुपारी उरकायचा, ही आपल्याकडची सवय इथे महागात पडेल. माझे म्हणणे असे, की फोटोचा विचार वेष्टनापासून मागे यायला हवा: आधी घडी आणि मजकूर, मग चौकट, मग प्रकाश, आणि कॅमेरा सर्वांत शेवटी.

याला कारण आहे. मोठ्या तबकडीचे वेष्टन सुमारे 31 सेंटिमीटरचे, सीडीची पुस्तिका 12 सेंटिमीटरची, दोन्ही चौकोनी. कॅमेऱ्याची चौकट मात्र आयताकृती. पाच जण आडव्या रांगेत उभे केले, की चौकोनात चेहरे बारीक होतात आणि वर-खाली रिकामी भिंत उरते. फोटोग्राफर रॉबर्ट फ्रीमनने 1963 मध्ये ‘विथ द बीटल्स’च्या मुखपृष्ठासाठी रिंगोला खाली उजव्या कोपऱ्यात घेतले, तेव्हा चौकोन भरला. दुमडीचे वेष्टन असेल तर मधल्या घडीवर चेहरा येता कामा नये. छपाईला प्रति इंच 300 ठिपके धरले, तर 31 सेंटिमीटरसाठी कापणीची कड धरून साधारण 3,700 पिक्सेल लागतात. सैल फोटो काढून नंतर छाटू म्हटले, तर ते पुरत नाहीत. त्यातही धवळ्यांची भाषा यादवकालीन. शब्द आणि त्यांचे अर्थ छापल्याशिवाय ऐकणाऱ्याच्या हाती निम्मेच लागेल. बीटल्सच्याच ‘सार्जंट पेपर’ने 1967 मध्ये मागच्या बाजूला सगळी गीते छापली, इथे ती गरज कितीतरी मोठी आहे. अक्षरांसाठी शांत, एकसारख्या रंगाची जागा फोटोतच राखावी लागते, आणि ती फोटो काढतानाच.

आता फोनवर बोटाच्या पेराएवढेच चित्र दिसते, मग एवढा खटाटोप कशाला, असे कोणी म्हणेल. पण पेराएवढ्या चित्रात एक चेहरा, एक प्रकाश, एक आकारच टिकतो. तिथे चूक झाकायला जागाच नसते. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: रिद्धपूरला महानुभावांचा राजमठ असताना फोटोसाठी स्टुडिओ कशाला? राजमठ पुस्तिकेच्या आतल्या पानांत जरूर यावा, तिथल्या मंडळींना विचारून. मुखपृष्ठावर मात्र वास्तूसमोर माणसे लहान होतात, आणि धवळे हे आधी माणसाच्या कंठातले आहेत. महानुभाव पंथाची गडद वस्त्रे बँडने पोशाख म्हणून अंगावर चढवू नयेत, हेही माझे ठाम मत. गाणारी मंडळी स्वतः महानुभाव असतील तर गोष्ट वेगळी. मग पार्श्वभूमी काळी नको, मध्यम राखाडी हवी, आणि मागून एका बाजूने प्रकाश हवा. नाहीतर खांदे अंधारात बुडून नुसते चेहरे तरंगताना दिसतात.

खर्चाचा प्रश्न राहतो. फ्रीमनचा तो फोटो स्टुडिओत नव्हे, बोर्नमथच्या एका हॉटेलात, खिडकीच्या उजेडात आणि गडद पडद्यापुढे निघाला. अमरावतीत लग्नाचे फोटो काढणाऱ्या स्टुडिओंकडे याहून जास्त साधने आहेत. तेव्हा बँडवाल्यांनी स्टुडिओ ठरवण्याआधी पुठ्ठ्याचे खऱ्या मापाचे वेष्टन दुमडून घ्यावे, त्यावर पेन्सिलीने चेहरे आणि मजकूर आखावा, आणि ते फोटोग्राफरच्या हाती द्यावे.