चेक थांबतो, चित्र का थांबत नाही?

तीस वर्षे बँकेत काढलेल्या माणसाला ‘स्टॉप पेमेंट’चे मोल सांगावे लागत नाही. खातेदाराने लेखी कळवले की चेक थांबवायचा. त्यानंतर तो वटला, तर भुर्दंड बँकेवर. ‘मुळात चेक दिलातच कशाला?’ असे विचारण्याचा अधिकार कारकुनाला नाही. आपली खाजगी छायाचित्रे कुणी इंटरनेटवर टाकली, असे रडत सांगणाऱ्या मुलीला मात्र हाच प्रश्न आधी विचारला जातो. तोही बहुधा घरातच.

आणि कंपन्या काय करतात? मिशिगन विद्यापीठाच्या संशोधकांनी 2024 साली त्यांची परीक्षाच घेतली. कुणाही खऱ्या बाईची नसलेली, संगणकाने बनवलेली 50 नग्न चित्रे त्यांनी ‘एक्स’वर, म्हणजे पूर्वीच्या ट्विटरवर टाकली. 25 चित्रांबाबत ‘हे संमतीविना आहे’ अशी तक्रार केली, उरलेल्या 25 बाबत ‘कॉपीराइट माझा आहे’ अशी. कॉपीराइटवाली सगळी चित्रे 25 तासांत उतरली. दुसऱ्या गठ्ठ्यातले तीन आठवड्यांनंतरही एकसुद्धा हलले नाही!

कारण साधे आहे. कॉपीराइटमागे अमेरिकेचा 1998 चा कायदा उभा आहे. दुर्लक्ष केले तर भुर्दंड कंपनीवर येऊ शकतो. संमतीमागे तेव्हा कंपनीची स्वतःची नियमावली तेवढी होती. शिवाय कॉपीराइट सहसा फोटो काढणाऱ्याचा. दगा देणाऱ्यानेच तो काढला असेल, तर तीही वाट बंद.

सुदैवाने वारे फिरले आहे. आपल्याकडे 2021 च्या नियमांनी तक्रारीनंतर 24 तासांत अशी चित्रे काढण्याचे बंधन कंपन्यांवर घातले. अमेरिकेत मे 2025 मध्ये 48 तासांच्या मुदतीचा कायदा झाला. डिसेंबर 2021 पासून प्रौढांसाठी ‘स्टॉपएनसीआयआय’ ही सोयही आहे. तिथे चित्र आपल्याच फोनवर राहते; त्यावरून तयार झालेली आकडी खूण तेवढी सहभागी कंपन्यांकडे जाते. बँकेतल्या नमुना सहीसारखी ती जुळली, की चित्र अडवता येते.

आपल्या नियमांतले एक कलम मला फार मोलाचे वाटते: पीडितेच्या वतीने दुसऱ्यालाही तक्रार करता येते. म्हणजे बाबांना, दादाला, मावशीला. तेव्हा वाचकहो, लेक सांगायला आली तर ‘का’ विचारू नका. चित्र कुठे दिसले, त्याची लिंक, तारीख, वेळ टिपून घ्या आणि तिच्या संमतीने तक्रार लिहायला बसा. अब्रू गेली असेल तर ती टाकणाऱ्याची, तिची नव्हे.