राखेच्या पाण्यातला मका

अमेरिकेच्या दक्षिण भागात, विशेषतः जॉर्जिया, अलाबामा आणि टेनेसी या राज्यांच्या खेडवळ मुलुखात, मांसाच्या तुकड्याशेजारी दोनतीन तोंडीलावणी असावयाचीच असा जो शिरस्ता आहे, त्यांत होमिनी नावाचा एक जिन्नस इतका निरलंकृत असतो की, परका पाहुणा त्याची दखल न घेता जेवून उठला तरी कोणाला वैषम्य वाटू नये. पांढुरके, फुगीर, हरभऱ्याहून चांगले थोर असे मक्याचे दाणे, थोडा कांदा, मिरपूड आणि चरबी, एवढाच त्याचा सरंजाम. जॉर्जियातील ज्या वृद्ध बाईंकडे माझा मुक्काम होता, त्यांच्या स्वयंपाकघरात हा पदार्थ आरंभापासून सिद्ध होताना मी पाहिला, आणि चुलीवर जे घडते तो या पाककृतीचा केवळ उत्तरार्ध आहे हे माझ्या ध्यानात आले.

पूर्वार्ध क्षाराचा. शिजवून तयार केलेली होमिनी डब्यात भरलेली कोणत्याही दुकानात मिळते, आणि बाईही एरवी तीच आणतात. परंतु माझी जिज्ञासा पाहून त्यांनी वाळलेल्या पांढऱ्या मक्याचे दाणे, त्यांच्या वजनाच्या शेकडा एक इतका खाण्याचा चुना आणि तिप्पट पाणी असे एका पोलादी पातेल्यात घालून ते मंद आचेवर ठेवले. त्यांच्या आजीच्या काळी चुन्याऐवजी लाकडाची राख असे. परसात तळाशी गवत पसरलेले एक लाकडी पीप ठेवून त्यात ओक किंवा हिकरीसारख्या टणक लाकडाची राख भरावयाची, वरून हळूहळू पाणी ओतावयाचे, आणि खाली थेंबथेंब झिरपणारे तांबूस, बोटांना बुळबुळीत लागणारे पाणी मक्यासाठी राखून ठेवावयाचे, हा त्या घराचा दस्तूर होता. गोऱ्या वसाहतवाल्यांनी ही विद्या आपल्या बुद्धीने शोधलेली नव्हे. चेरोकी, क्रीक आदी मूळ रहिवाशांकडून ती त्यांच्या हाती आली, आणि मेक्सिकोकडे तर तीच क्रिया चुन्याने सहस्रावधी वर्षे चालत आलेली आहे.

अर्ध्या तासात पाणी पिवळे पडले आणि ओल्या चुन्याचा व भाजल्या धान्याचा असा एक मिश्र गंध घरभर पसरला. रात्रभर ते दाणे त्याच पाण्यात राहिले. सकाळी बाईंनी रबरी हातमोजे चढवून, आपल्याकडे बिरड्यासाठी भिजलेले वाल सोलतात तसे, परंतु एकेक न घेता ओंजळीने, ते दाणे चोळावयास आरंभ केला, तेव्हा विरघळू लागलेली साले चिकट पापुद्र्यांच्या रूपाने सुटून पाण्यावर तरंगू लागली. चार-पाच वेळा पाणी बदलूनही बाईंचे समाधान होईना. दाण्याच्या बुडाशी असणारा काळसर ठिपकाही निघालाच पाहिजे असा त्यांचा आग्रह होता. त्यानंतर स्वच्छ पाण्यात पुन्हा दोन-तीन तासांचे शिजणे, आणि मग कोठे तो दाणा फुलून मऊ झाला.

एवढा खटाटोप केवळ साल काढण्यासाठी, असे कोणास वाटेल. पण मक्यातील नायसिन नामक जीवनसत्त्व अशा बंधनात अडकलेले असते की, क्षाराचा संस्कार झाल्याखेरीज ते मनुष्याच्या शरीरास लाभत नाही. युरोपीय लोकांनी मका आपल्या देशी नेला, क्षाराची क्रिया मात्र मागे ठेवली. परिणामी स्पेन आणि इटली येथील मकाभक्षक शेतकऱ्यांत पेलाग्रा हा त्वचा, पचन आणि अखेर बुद्धीही नासविणारा रोग माजला. विसाव्या शतकाच्या आरंभी तोच रोग अमेरिकेच्या या दक्षिण भागात उतरला, कारण कापसाच्या मळ्यांवरील गोरगरीब कुळे गिरणीतले मक्याचे पीठ, खारवलेली चरबी आणि काकवी यांवरच गुजारा करीत आणि त्या पिठाला राखेचा स्पर्श झालेला नसे. 1914 साली सरकारी आरोग्यखात्याने डॉ. जोसेफ गोल्डबर्गर यांना या रोगाच्या तपासासाठी नेमले. पुढील वर्षी मिसिसिपीतील एका तुरुंगाच्या शेतावर, शिक्षामाफीच्या बोलीवर स्वखुशीने पुढे आलेल्या कैद्यांना असाच निकृष्ट आहार देऊन, हा रोग संसर्गाचा नसून ताटातल्या उणिवेचा आहे असे त्यांनी दाखविले. ते उणे द्रव्य कोणते, हे 1937 साली शास्त्रज्ञ एल्व्हेहेम यांच्या संशोधनाने निश्चित झाले. गोल्डबर्गर त्यापूर्वीच, 1929 साली, निवर्तले होते.

आता चूल. बिडाच्या जड तव्यात बाईंनी शेगडीशेजारच्या बरणीतून बेकनची साठविलेली चरबी चमचाभर घातली, त्यात बारीक चिरलेला कांदा पारदर्शक होईतो परतला, आणि निथळून, फडक्याने टिपून कोरडी केलेली होमिनी त्यावर पसरली. या टिपण्याविषयी त्या कमालीच्या दक्ष होत्या, कारण पाणी राहिले तर दाणा वाफेवर गदगदतो, तळला जात नाही. पुढची दहा मिनिटे जवळजवळ काहीच न करण्याची होती, आणि मला वाटते, खरी कसोटी तीच. मी कालथा उचलताच, "असू दे रे बाळा, त्याला बसू दे," असे म्हणून त्यांनी तो माझ्या हातून काढून घेतला. दाणे चिवचिवू लागले, एखाददुसरा उडाला, बुडाशी सोनेरी पापुद्रा धरला, तेव्हा कोठे त्यांनी ते एकदाच उलथले. मीठ अगदी शेवटी आणि बेताने, कारण चरबी आधीच खारट असते. मिरपूड मात्र सढळ हाताने.

चवीविषयी माझा अभिप्राय स्पष्ट आहे: नुसती उकडलेली होमिनी बेचव, परंतु तव्याला लागून करपण्याच्या सीमेवर पोहोचलेली होमिनी उत्तम. चरबी वर्ज्य असणाऱ्यांनी लोणी घ्यावे. बाईंच्या मते मात्र तो दुसराच पदार्थ, आणि माझे मत त्यांच्याहून भिन्न नाही.

घरी करून पाहू इच्छिणाऱ्यांनी कोवळी गोड कणसे न घेता पूर्ण पिकून वाळलेला मकाच घ्यावा, रंगकामाचा चुना चुकूनही वापरू नये, आणि ॲल्युमिनियमचे पातेले टाळावे. क्षार त्या धातूला खातो.