धाग्याचा ताण

कुणी भेटले की आपण विचारतो, ‘काय, कसे काय?’ पूर्वी उत्तर यायचे, ‘बरे आहे.’ आता उत्तर येते, ‘नुसती धावपळ!’ या उत्तरात तक्रारीचा सूर असतो, पण थोडा अभिमानही असतो. ज्याला वेळ नाही तो मोठा माणूस आणि ज्याला वेळ आहे तो रिकामटेकडा, असे समीकरण आपण मनाशी बांधून ठेवले आहे. मीही बांधले होते. त्याची किंमत काय पडली आणि त्यातून मी काय शिकलो, ते आज आपल्याला सांगणार आहे.

मी शिराळ्याचा. आमच्या गावात समर्थ रामदासांनी स्थापन केलेला मारुती आहे, अकरा मारुतींपैकी एक. एकही क्षण वाया जाऊ देऊ नये, हा ‘दासबोधा’तला उपदेश शाळेत असताना गुरुजींनी आम्हाला सांगितला होता. तो मला फार आवडला. पुढे नोकरी लागली. दिवसभर पतसंस्थेतले हिशेब, संध्याकाळी कविता, संमेलनांच्या बैठका, कुणाच्या पुस्तकाला प्रस्तावना, कुणाच्या शाळेत भाषण. कुणालाच ‘नाही’ म्हणायचे नाही. मोबाईल आला आणि ही सगळी कामे खिशात येऊन बसली.

एका मार्चअखेरीची गोष्ट. रात्री दोनच्या सुमारास छाती धडधडू लागली, तळहात घामाने भिजले, श्वास पुरेना. हृदयविकाराचा झटकाच आला असे वाटून घरच्यांनी गाडी काढून दवाखान्यात नेले. हृदयाचा आलेख काढला. तो व्यवस्थित होता. डॉक्टरांनी विचारले, ‘शेवटचे नीट कधी झोपलात?’ मला आठवेना. मग त्यांनी विचारले, ‘तुम्ही कवी ना? नवीन काय लिहिले?’ तेव्हा ध्यानात आले की दीड वर्षात एक ओळही लिहिलेली नव्हती. एवढी धावपळ करून माझे खरे काम तेवढे राहून गेले होते.

डॉक्टरांनी मला शरीराचा कारभार समजावून दिला. वॉल्टर कॅनन नावाच्या अमेरिकन शरीरशास्त्रज्ञाने १९१५ साली भीती आणि संताप यांवर एक पुस्तक लिहिले. संकट दिसले की शरीर लढायला किंवा पळायला सज्ज होते, हे त्याने त्यात मांडले. शिराळकरांना हे वेगळे समजवायला नको. आमचे गाव नागपंचमीचे. वर्षानुवर्षे इथे जिवंत नागांची पूजा होत असे. पुढे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या आधारे न्यायालयाचे आदेश आले आणि त्यावर निर्बंध पडले. समजा, भाताच्या बांधावरून जाताना अचानक समोर नाग फणा काढून उभा राहिला. मूत्रपिंडावरच्या ग्रंथी अ‍ॅड्रेनालीन सोडतात, हृदयाचे ठोके वाढतात, रक्त हातापायांच्या स्नायूंकडे धावते, पचन मंदावते. नाग झुडपात गेला की थोड्या वेळाने सगळे पूर्ववत होते. ही व्यवस्था उत्तमच आहे. अडचण एवढीच, की साहेबांचा निरोप, कर्जाचा हप्ता, मुलीच्या लग्नाची तारीख यांनाही शरीर नागच समजते. बांधावरचा नाग निघून जातो. हे नाग रात्री उशाशी असतात.

मग ताण नकोच का? इथे मला माझे वडील आठवतात. अब्बा शिंपी होते. शिलाई मशीनवर धाग्याचा ताण कमीजास्त करण्यासाठी एक छोटा स्क्रू असतो. ताण सैल झाला तर टाका ढिला पडतो, खाली धाग्याची गुंतवळ होते. फार आवळला तर कापड चुरगळते किंवा धागाच तुटतो. जाड कापडाला एक ताण, मलमलीला वेगळा. अब्बा नवे कापड घेतले की आधी चिंधीवर चार टाके घालून बघत.

मानसशास्त्रात हीच गोष्ट १९०८ साली यर्क्स आणि डॉडसन या दोघांनी उंदरांवर प्रयोग करताना पाहिली. काम सोपे असेल तर जास्त दडपणाखालीही उंदीर लवकर शिकत. काम अवघड असेल तर मध्यम दडपण बरे, फार वाढले की शिकणे बिघडत असे. माणूस काही उंदीर नव्हे. पण घाईत गोण्या उचलता येतात, कविता लिहिता येत नाही, हा अनुभव मला आहेच.

अब्बांची दुसरी शिकवण मापाच्या वहीची. दिवाळी आणि ईद जवळ आली की दुकानात कापडांचा ढीग लागे. पण अब्बा निवांत झोपत. कारण प्रत्येक कापडाला चिठ्ठी टाचलेली आणि वहीत माप, नाव व वार लिहिलेला. ‘वहीत गेलं की डोक्यातून गेलं,’ असे ते म्हणत.

यामागेही शास्त्र आहे. ब्लूमा झायगार्निक या संशोधिकेने १९२७ साली असे मांडले, की पुरी झालेल्या कामांपेक्षा अर्धवट सुटलेली कामे माणसाला जास्त आठवतात. नंतरच्या सगळ्या प्रयोगांत हे सारखेच दिसले नाही. पण अर्धवट काम मनात टोचत राहते, हे कुणाला माहीत नाही? २०११ साली मासिकॅम्पो आणि बॉमिस्टर या अमेरिकन संशोधकांनी पुढची गोष्ट दाखवली. ही टोचणी थांबवायला काम पुरे करावेच लागते असे नाही. ते कधी आणि कसे करणार, हे नेमके ठरवले तरी मन बरेचसे शांत होते. म्हणून ‘मुलीच्या लग्नाचे बघायचे’ असे लिहून उपयोग नाही. ‘बुधवारी चार वाजता कार्यालयाचे भाडे विचारायचे’ असे लिहिले की ते वहीत जाते आणि डोक्यातून निघते.

आणि ज्या चिंतेवर काही करताच येत नाही, तिचे काय? थॉमस बोर्कोवेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८३ साली एक साधा उपाय तपासला. दिवसातला अर्धा तास चिंतेसाठी राखून ठेवायचा. एरवी चिंता आली की तिला सांगायचे, तुझी वेळ झाली नाही. मी संध्याकाळी साडेसहाची वेळ दिली आहे. गंमत अशी की साडेसहाला बोलावले तर निम्म्या चिंता येतच नाहीत!

तिसरी शिकवण सर्वांत अवघड. सणाच्या दहा दिवस आधी अब्बा दाराला पाटी लावत, ‘नवीन कापड घेणे बंद.’ गिऱ्हाईक रागवायचे. मी म्हणायचो, ‘अब्बा, पैसे जातात.’ ते म्हणायचे, ‘घेतलं आणि दिलं नाही, तर नाव जातं.’ आणि नमाजाची वेळ झाली की समोर कुणीही असो, मशीन थांबे. ती दहा-पंधरा मिनिटे वाया गेली असे त्यांना कधी वाटले नाही.

दुखणे झाल्यावर मी ‘दासबोध’ पुन्हा उघडला. क्षण न दवडण्याचा तो उपदेश अकराव्या दशकातल्या तिसऱ्या समासात आहे. त्याच समासात दिवस कसा घालवावा हेही आहे, आणि त्यात जेवण आहे, वाचन आहे, चर्चा आहे, एकांतही आहे. उपदेश पुरा होता, मी तो अर्धाच ऐकला होता.

एक गोष्ट सांगायची राहिली. अम्मा शेवटच्या आजारात अंथरुणावर होत्या. मी कागद घेऊन घाईने निघालो की म्हणायच्या, ‘बस की जरा.’ मी म्हणायचो, ‘आलोच.’ एके दिवशी आलो, तेव्हा बसण्यासारखे काही उरले नव्हते. ते कागद कशाचे होते, हे आज मला आठवतसुद्धा नाही. ‘आलोच’ हा शब्द मात्र आठवतो.

वहीने सगळे दुःख मिटते असे मी म्हणणार नाही. २०१९ आणि २०२१ साली वारणेच्या पुरात ज्यांची उभी पिके गेली, त्यांना वेळेचे नियोजन शिकवणे म्हणजे जखमेवर मीठ. तिथे मदत लागते, माणसे लागतात. तसेच, झोप आठवडेच्या आठवडे उडाली, धडधड वारंवार होऊ लागली, जगणे नकोसे वाटू लागले, तर वही बाजूला ठेवून डॉक्टर गाठावा. छातीत दुखले तर ‘ताण असेल’ म्हणून घरी बसू नये. १० ऑक्टोबर २०२२ पासून सरकारची ‘टेलिमानस’ ही दूरध्वनी सेवा सुरू आहे. क्रमांक १४४१६. तिथे विनामूल्य आणि मराठीतही बोलता येते. मोडलेल्या हाडाची लाज वाटत नाही, तर थकलेल्या मनाची का वाटावी?

हल्ली मी रोज तीनच कामे वहीत लिहितो. चौथे आले तर उद्याच्या पानावर. रात्री नऊनंतर मोबाईल दुसऱ्या खोलीत असतो. संमेलनांची दोन-तीन निमंत्रणे नाकारली. लोक थोडे रागावले आणि विसरले. कविता पुन्हा येऊ लागली आहे, हळूहळू, तिच्या चालीने. आणि घरात कुणी ‘बस की जरा’ म्हणाले, तर मी बसतो.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)