तोटीवरची बाटली : फेस, दाब आणि आपला उसाचा रस



उन्हाळा लागला की आमच्या आसवनी विभागाकडे एक प्रश्न हमखास येतो. कोणाचा मुलगा पुण्याला नोकरीस असतो. तो गावी येताना तिथल्या छोट्या बिअर कारखान्यातून तोटीवरची ताजी बिअर बाटलीत भरून आणतो. सोलापूर स्टँडवर उतरेपर्यंत एक तर ती पार मिळमिळीत होते, नाही तर झाकण उघडताच निम्मी फेस होऊन अंगावर येते. दुसऱ्या एका सभासदांची रसवंती आहे. त्यांनी सकाळी काढलेला उसाचा रस काचेच्या बाटल्यांत घट्ट बंद करून ठेवला. दुपारी त्यातली एक बाटली फुटली आणि काच दुकानातल्या पोराच्या डोळ्याजवळून गेली. थोडक्यात निभावले.

एक बिअरची गोष्ट, एक रसाची. पण कारण एकच आहे. ते समजून घेतले तर पुढचा अपघात टळेल, म्हणून हा लेखप्रपंच. दारूचा प्रचार करण्याचा यात हेतू नाही. आपल्या राज्यात १९४९ च्या दारूबंदी कायद्यानुसार परवान्याशिवाय घरी दारू किंवा बिअर गाळणे हा गुन्हा आहे, हे आधीच सांगून ठेवतो.

वायू येतो कोठून?

आपल्या आसवनीत मळी पाण्यात पातळ करून तिच्यात यीस्ट सोडतात. काही तासांत टाकी उकळल्यासारखी बुडबुडे सोडू लागते. खाली जाळ नसतो, हे काम यीस्टचे. यीस्ट हा सूक्ष्म जीव साखर खातो आणि तिचे ढोबळ मानाने निम्मे मद्यार्क व निम्मे कार्बन डायऑक्साईड वायूत रूपांतर करतो. बिअरमध्ये मळीऐवजी जव असतात, एवढाच फरक. आसवनीत आपण वायू वेगळा होऊ देतो, बिअरवाले तो पेयातच धरून ठेवतात. एक लिटर बिअरमध्ये सुमारे अडीच लिटर वायू विरघळलेला असतो.

आता हा वायू थंडीत पाण्यात मुकाट बसतो आणि उष्णता लागली की बाहेर पळतो. साध्या हवेच्या दाबाला एक लिटर पाणी शून्य अंशाला सुमारे पावणेदोन लिटर वायू धरते, २० अंशाला एक लिटरहून थोडा कमी आणि ४० अंशाला जेमतेम अर्धा लिटर. म्हणजे तीन अंशाला ठेवलेल्या बिअरच्या बाटलीत दर चौरस इंचाला १० पौंडांच्या आसपास दाब असतो. तीच बाटली आपल्या सोलापूरच्या उन्हात ४० अंशाला आली की दाब ५० पौंडांवर जातो. मोटारीच्या चाकात आपण ३०-३५ पौंड हवा भरतो, यावरून अंदाज करा. आपल्या जुन्या गोळी सोड्याच्या बाटलीत काचेची गोळी तोंडाशी घट्ट बसते, ती याच दाबाने. पण ती बाटली किती जाड असते हेही आठवून बघा.

तोटीवरून कसे भरतात?

पुण्यात २००९ साली डूलाली नावाची मायक्रोब्रुअरी, म्हणजे जागेवरच बिअर करून देणारा छोटा कारखाना, सुरू झाली. पुढे असे कारखाने वाढले. २०२० च्या टाळेबंदीत बसून पिणे बंद झाले, तेव्हा राज्यात त्यांना ताजी बिअर बाटलीत भरून घरी नेण्यास देण्याची मुभा मिळाली. तेव्हापासून हा प्रकार पुष्कळांच्या पाहण्यात आला. पोलादी पिंपातली बिअर तोटीवरून बाटलीत घ्यायची, ऐकायला सोपे. पण नुसती तोटी सोडली तर निम्मा फेसच हाती येतो. जाणकार माणूस असे करतो :

बाटली धुऊन, निर्जंतुक करून बर्फासारखी थंड करतात. कोमट बाटलीत बिअर पडली की वायू लगेच उसळतो. साबणाचा अंश राहिला तर बिअरची चव आणि फेस दोन्ही बिघडतात. पिंपातला दाब उतरवतात. तोटीला नळी जोडून ती बाटलीच्या तळाशी टेकवतात, म्हणजे धार वरून आपटत नाही. सावकाश भरतात. शेवटी थोडा फेस तोंडापर्यंत येऊ देतात आणि त्या फेसावरच झाकण लावतात. यातली मेख अशी, की फेस वर येताना बाटलीतली हवा बाहेर ढकलतो. हवा आत राहिली तर बिअरची चव ओल्या पुठ्ठ्यासारखी होते.

मोठ्या कारखान्यात बाटलीत आधी हाच वायू दाबाने भरतात, मग तेवढ्याच दाबाखाली बिअर सोडतात. दोन्हीकडे दाब सारखा, म्हणून फेसाला वावच राहत नाही. पुष्कळ ठिकाणी नंतर बाटली ६० अंशांच्या आसपास तापवून उरलेसुरले जंतू मारतात, म्हणून ती महिनोन् महिने टिकते. तोटीवरच्या बाटलीला हे संस्कार झालेले नसतात. ती बर्फात ठेवून एक-दोन दिवसांत संपवायची चीज आहे, एसटीच्या टपावर ठेवून आणण्याची नव्हे.

रसाची बाटली जास्त धोक्याची

आता आपल्या घरच्या मालाकडे वळू. बिअरमध्ये यीस्टने खाण्याजोगी साखर बहुतेक संपलेली असते. उसाच्या रसात ती जशीच्या तशी असते, लिटरला दीडशे ग्रॅमच्या आसपास. आणि यीस्ट वेगळे घालावे लागत नाही. ते उसाच्या सालीवर, चरकाच्या लाटांवर, गाळणीच्या फडक्यात असतेच. हिशेब बघा : चार ग्रॅम, म्हणजे चमचाभर साखर आंबली की एक लिटर वायू होतो. तीन-चार चमचे आंबली की साधी बाटली धोक्यात येते. लिटरभर रसातली सगळी साखर आंबायची म्हटली तर ३५ लिटरच्या वर वायू होईल. बाटली तिथवर कशाला थांबते?

म्हणून रसवंतीवाल्या सभासदांना आग्रहाची विनंती :

१. ताजा रस काचेच्या बाटलीत घट्ट बंद करून ठेवू नये. लिंबू-आल्याने चव येते, आंबणे थांबत नाही.

२. कोणाला घरी न्यायचाच असेल तर थंड रस, स्वच्छ प्लॅस्टिक बाटलीत, बर्फासह द्यावा आणि दोन-चार तासांत संपवण्यास सांगावे.

३. बाटली दाबून बघावी. दगडासारखी घट्ट लागली तर रस आंबलेला आहे. सावलीत थंड करून, तोंड दुसरीकडे करून, झाकण हळूहळू सैल करावे. काचेची असेल तर हात लावण्याआधी वर जाड पोते टाकावे.

४. फेसाळलेला रस कोणाला देऊ नये. त्यात मद्यार्क उतरू लागलेला असतो. पोरेबाळे, उपवासकरी, वारकरी विश्वासाने पितात.

५. चरक, तोटी व गाळणी रोज कढत पाण्याने धुवावीत. फडके रोज उकळावे.

वर्षभर टिकणारा रस बाटलीत विकायचा तर त्याला योग्य तापवणी, यंत्रसामग्री आणि अन्न परवाना लागतो. तो धंदा जरूर करावा, पण चरकाच्या तोटीवरून नव्हे.

जाता जाता एक. तोडलेला ऊस फडात पडून राहतो तेव्हा असलेच सूक्ष्म जीव त्यातली साखर खात असतात. तिथे बाटली फुटत नाही, म्हणून आपल्या ध्यानात येत नाही. पण उतारा घटतो आणि तोटा सर्वांच्या वाट्याला येतो. तेव्हा रस ताजा प्यावा आणि ऊसही ताजाच गव्हाणीत यावा, ही विनंती.

— आसवनी विभाग